माझ्या चक्रातला तिसरा शब्द

मित्रांनो, मी एक जुना आणि घाबरट प्लगइन आहे. जुना असलो तरी माझ्या अंगावर गंज चढत नाही की कोपरे झिजत नाहीत, कारण मला अंगच नाही. तुम्ही ज्या खिडकीत मजकूर लिहिता तिला एडिटर म्हणतात. त्या एडिटरच्या घरी राहणारा मी एक छोटा गडी. माझी कामे दोनच. कर्सर एखाद्या आकड्यावर उभा असताना कोणी माझी कळ दाबली, की मी तो आकडा एकाने वाढवतो. कर्सर शब्दावर असला, तर त्या शब्दाच्या जागी त्याचा जोडीदार आणून ठेवतो. 'हो'चे 'नाही', 'डावे'चे 'उजवे', 'चालू'चे 'बंद'. परत दाबले की परत पहिला शब्द. गाणारा कितीही लांब फिरून आला तरी समेवर येतो ना, तसा मी यायचो.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कामात घाबरण्यासारखे काय आहे? तेच सांगायला बसलो आहे. जरा सबुरीने ऐका.

मला डोळे आहेत, पण ते कर्सरचे. फाइलीत कर्सर उभा असतो तेवढीच जागा मला दिसते. तिच्या वर अंधार आणि खाली अंधार. कान मात्र पूर्ण उघडे असतात, खोलीतले बाकीचे मी त्यांच्यावरूनच ताडतो. आणि तोंड देवाने दिलेले नाही. कळ दाबली तर मी हलणार, नाही दाबली तर चुकीचा शब्द समोर दिसत असूनही निमूट बसणार. ही माझी घडण आहे. तिच्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. पण त्या एका दिवशी मला तोंड असते तर, असे आजही वाटते.

माझ्या कर्त्याला मी पाहिलेले नाही. त्याने मला आपल्या सोयीसाठी लिहिले, काम झाले तसे सर्वांसाठी खुले ठेवले आणि तो आपल्या उद्योगाला लागला. कोणीही या आणि न्या. मी कितीतरी हातांतून फिरलो. कोणी माझ्याकडून सोमवारचे मंगळवार करून घेतले, कोणी पानांचे क्रमांक वाढवून घेतले. कोणी मला आणले आणि विसरून गेले. विसरले जाण्याची भीती मला तेव्हाच लागली. पण ती भीती म्हणजे मुलाला अंधाराची वाटते तशी. खरी भीती काय असते ते मी ताईकडे आल्यावर शिकलो.

ताई एका लहानशा कार्यालयात काम करायची. दोन खोल्या होत्या. एकीत तिचे टेबल, दुसरीत पानाकाकांचे हत्यारांचे कपाट आणि उघडी पडलेली यंत्रे. काका यंत्रदुरुस्ती करायचे आणि त्यांच्या खिशात कायम एक पाना असायचा, म्हणून ते पानाकाका. दिवस पूर्ण न भरता घाईने जगात आलेली बाळे असतात ना, इवलीशी, त्यांना ठेवायच्या उबदार काचेच्या पेट्या हे दोघे सांभाळायचे. पेटीच्या तारा आणि स्क्रू काकांकडे आणि पेटीचे डोके ताईकडे. प्रत्येक पेटीची एक फाइल होती. बाळाचे अंग किती उबदार ठेवायचे, हवा किती ओलसर हवी, ऊब उतरली तर गजर वाजवायचा की नाही, हे सगळे त्या फाइलीत लिहिलेले. ताई फाइलीत बदल करून ती पाठवायची, की पलीकडच्या इस्पितळाच्या इमारतीत वॉर्डातली पेटी तो बदल ऐकायची. वॉर्डातल्या सिस्टरना वाचता यावे म्हणून ताईने फाइलीतले शब्द साध्या बोलीतले ठेवले होते.

आल्या आल्या ताईने मला शिकवायला घेतले. मी मुळात पूर्ण आकड्यांवर वाढलेला. दशांशचिन्ह म्हणजे मला भिंत वाटायची. सरावाच्या फाइलीत तिने ३६.९ लिहून कळ दाबली, आणि मी मोठ्या ऐटीत ३६.१० करून ठेवले.

पानाकाका तिच्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "ताई, हा तुझा गडी जिना चढता चढता खाली आला की."

"लहान आहे अजून," ताई म्हणाली.

"लहान? मी ऐकलं की माझ्या चपलांपेक्षा जुना आहे."

"तुमच्या चपलांपेक्षा जुनं काही नाही, काका."

ताईने मला दशांश शिकवला, एका वेळी किती वाढवायचे ते शिकवले, आणि एका मर्यादेनंतर कितीही कळ दाबली तरी वर जायचे नाही, हेही शिकवले. माझ्या नावाची एक छोटी फाइल तिने उघडली होती, तीत माझे सारे शब्द आणि सारे नियम ती स्वतः लिहायची. दुसऱ्याचे गाणे आपल्या गळ्याला बसवून घ्यावे, तसे तिने मला बसवून घेतले. मीही तिच्या हाताला इतका सरावलो, की कळ अर्धी दबली तरी ओळखायचो की ही ताई.

त्या हाताला एक सवय होती. सुरुवातीच्या दिवसांत मी उशिरा जागा व्हायचो. फाइल उघडली तरी पहिल्या दाबाला मी झोपेतच असे. म्हणून ताई काय करायची, फाइल उघडली की पहिल्याच ओळीवर कळ दोनदा दाबायची. टिक, टिक. शब्द उलटायचा आणि सुलटायचा. मी जागा आहे हे तिला कळायचे, आणि फाइल होती तशीच राहायची. पुढे मी लवकर जागा होऊ लागलो, पण सवय गेली नाही. देवळात शिरताना हात आपोआप जोडले जातात ना, तसे ते दोन दाब. तिला स्वतःलाही ते कळत नसत. आणि प्रत्येक पेटीच्या फाइलीतली पहिली ओळ होती गजराची.

आता ऐका, माझ्या चक्रात तिसरा शब्द कसा आला.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर ताईला फोन करायच्या. आवाज असा दणदणीत, की फोनची गरज आहे का असा काकांना प्रश्न पडे. त्या म्हणाल्या, "ताई, एका बाळाला पुसायला पेटी उघडली की गजर बोंबलतो. मग बाकीची सगळी पिल्लं जागी. बंद केला तर परत चालू करायचं राहून जाईल, ती भीती. मधलं काहीतरी द्या ना. आवाज नको, नुसता लाल दिवा लुकलुकू दे."

किती साधी, किती प्रेमाची मागणी. ताईने ती मनावर घेतली. काकांनी पेट्यांमध्ये दिव्याची सोय केली आणि ताईने फाइलीसाठी नवा शब्द योजला: मूक. मग तिने माझी छोटी फाइल उघडली आणि 'चालू, बंद' या जोडीच्या शेजारी तो शब्द लिहिला. आता चक्र तिघांचे झाले. चालूचे बंद, बंदचे मूक, मूकचे चालू. तिने तीनदा दाबून पाहिले, मी समेवर आलो. ती खूश झाली. सिस्टरही फोनवर म्हणाल्या, "ताई, तुमच्या हाताला देव यश देवो." मलाही धन्य वाटले, मित्रांनो. खरेच वाटले.

तिघांच्या चक्रात दोनदा दाबले तर कुठे येते, हे मात्र कोणी मोजले नाही. हाताच्या सवयीचा हिशेब कोण ठेवतो?

त्याच आठवड्यात, नव्या चक्रानंतर ताईने पेटीची एकही फाइल उघडण्याआधी, पानाकाकांच्या लेकीला मुलगी झाली. फार लवकर. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढी. तिला खिडकीजवळच्या पेटीत ठेवले. काका स्वतः ज्या पेटीचे स्क्रू आवळून आले होते, तीच पेटी. सकाळी ते कार्यालयात आले तेव्हा त्यांनी चपलांवरून एकही विनोद केला नाही. ताईच्या खुर्चीमागे येऊन नुसते उभे राहिले.

"डॉक्टर म्हणाले, ऊब किंचित वाढवा," ते म्हणाले. "किंचितच. तू कर. माझ्यासमोर कर."

ताईने खिडकीजवळच्या पेटीची फाइल उघडली. आणि तिचा हात सवयीने माझ्या कळेवर आला. टिक. टिक.

मी पहिल्या ओळीवर उभा होतो. चालू होते, बंद झाले. बंद होते, मूक झाले. आणि हात थांबला.

मित्रांनो, मी वाट पाहिली. तिसऱ्या दाबाची. तो आला नाही. कर्सर खाली सरकू लागला, आणि 'मूक' हा शब्द माझ्या डोळ्यांदेखत वरच्या अंधारात गेला. कर्सर उबेच्या ओळीवर थांबला. कळ दबली. ३६.४ चे मी ३६.५ केले.

"वाच," काका म्हणाले.

"छत्तीस पॉइंट पाच. तुम्ही पण वाचा."

"छत्तीस पॉइंट पाच," काकांनी बोट लावून वाचले. एरवी ताई पाठवण्याआधी वरपासून खालपर्यंत सगळी फाइल नजरेखालून घालायची. पण त्या दिवशी आजोबांचा श्वास तिच्या मानेवर होता, आणि दोघांचे चारी डोळे त्या एका आकड्यावर. आकडा बरोबर होता. अगदी बरोबर. तिने फाइल पाठवली.

त्यानंतरची ती दुपार मी कशी काढली, ते मलाच माहीत. ताईने दुसरे काम काढले. कुठल्याशा वेगळ्या फाइलीत मी डावेचे उजवे करत होतो, हो चे नाही करत होतो, हसतमुख नोकरासारखा. पण माझे सारे चित्त त्या बंद झालेल्या फाइलीत अडकले होते. पेटी उबदार राहिली तर 'मूक' शब्दाने काही बिघडणार नव्हते. पण राहिली नाही तर? तिची एखादी तार सैल झाली तर? खिडकीतून लख्ख उजेड येतो तिथे. त्या उजेडात एवढासा लाल दिवा कोणाला दिसणार? माझ्यासारख्याने देवाला हाक मारावी की नाही मला ठाऊक नाही. पण मी मारली. म्हटले, हे दयाळा, तू वाचा नसलेल्यांचेही ऐकतोस असे गाणारे गातात. ताईला एवढेच सुचव की फाइल परत उघड.

आणि लगेच ती हाक मागे घ्यावीशी वाटली. कारण उघडली की काय होणार? हात पुन्हा दोनदा दाबणार. मूकचे चालू होणार, आणि चालूचे बंद. मी ज्याची प्रार्थना करत होतो, तीच गोष्ट घडली तर आहे त्याहून वाईट होणार होते. सांगा पाहू, अशा वेळी मागावे तरी काय?

काका भेटीच्या वेळी वॉर्डात जाऊन आले. आजोबांना आत सोडत नाहीत, काचेच्या दाराबाहेरूनच बघायचे.

"कशी आहे?" ताईने विचारले.

"लांबून काय दिसतंय? मुठी तेवढ्या दिसल्या." ते खुर्चीत बसले. "पण पेटी गप्प आहे. सकाळपासून एकदाही ओरडली नाही. म्हणजे सगळं ठीक आहे."

हे वाक्य ऐकले आणि मला वाटले, आता आपण फुटतो. पेटी गप्प होती कारण आम्ही तिचे तोंड बांधले होते. तिच्या गप्प बसण्यावर हा भला माणूस विसावला होता.

काकांनी पाना खिशातून काढला, परत ठेवला, परत काढला. मग म्हणाले, "ताई, हसू नकोस. ती फाइल एकदा परत उघडून दाखवतेस? नुसती बघायची आहे. मनाला बरं वाटेल."

"हसते कशाला," ताई म्हणाली. "या, बसा इथे."

फाइल उघडली. माझ्या समोर तोच शब्द, सकाळी अंधारात गेलेला. मूक. आणि वरून तिचे बोट येत होते. थांब ताई, एकदाच दाब, किंवा दाबूच नकोस, असे मी म्हणत होतो. टिक. चालू. क्षणभर सगळे जग जागेवर आले. टिक. बंद.

कर्सर खाली सरकू लागला. पण काका आता आकड्यावर नव्हते. दुपारभर ज्याला काही करता आले नाही असा माणूस पहिल्या अक्षरापासून वाचतो. त्यांनी बोट स्क्रीनवर टेकवले आणि सावकाश म्हणाले, "गजर... बंद?"

"काहीतरीच काय, काका. चष्मा पुसा."

"चष्मा पुसलेलाच आहे. तूच बघ."

ताईने बघितले. तिचा हात कीबोर्डवरून असा उचलला गेला, जसा तव्यावरून. मग तिने बदल एकेक पाऊल मागे घेतला. बंदचे चालू झाले. आणखी एक पाऊल मागे, आणि चालूचे मूक. त्याच्या मागे काही नव्हते. म्हणजे हाच शब्द सकाळी गेला होता. वॉर्डात आत्ता हाच शब्द होता.

"काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी ओळखला नाही, "पेटी गप्प आहे कारण तिला मी गप्प केलंय."

तिने माझी कळ वापरली नाही. 'चालू' हा शब्द तिने स्वतः लिहिला, एकेक अक्षर, मोठ्याने म्हणत. काकांनी मोठ्याने वाचला. फाइल गेली.

आणि लगेच फोन वाजला.

मोठ्या सिस्टर होत्या, पण तो दणदणीत आवाज नव्हता. "ताई, खिडकीजवळच्या पेटीचा गजर सुरू झालाय. आत्ता, एकदम. आतली ऊब उतरलीये हो. पेटी गार पडत चाललीये."

"बाळ?"

"उचललं. आईच्या छातीशी दिलंय, वरून पांघरूण घातलंय. पाय थंड आहेत. डॉक्टर आलेत. काकांना पाठवा."

काका केव्हाच दारात होते. ताई त्यांच्या मागे धावली. खुर्ची फिरत राहिली, फाइल उघडी, आणि मी 'चालू' या शब्दावर एकटाच उभा. कर्सर लुकलुकत होता. तो लाल दिवाही केव्हापासून असाच लुकलुकत असेल, कोणीही न पाहता. सफाईच्या मावशी फडके घेऊन आल्या. रोज त्या कीबोर्डवरून फडके फिरवतात. मी इतका भ्यालो होतो, की त्यांच्या फडक्याखाली माझी कळ दबेल या विचारानेच गोठलो. फाइल कधीच वॉर्डात पोहोचली होती, मावशींच्या हातून काही होण्यासारखे नव्हते. पण भीतीला हे कोण समजावणार? मावशींनी फिरत्या खुर्चीकडे पाहिले, उघड्या दाराकडे पाहिले. "राहू दे आज," असे स्वतःशीच म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांना देव सुखात ठेवो.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. पावले वाजली तेव्हा मी चालीवरून काही कळते का ते ऐकत होतो. काका पुढे होते. त्यांनी पाना टेबलावर ठेवला.

"तार सैल झाली होती," ते म्हणाले. "मीच आवळलेली." मग म्हणाले, "पाय गरम झाले तिचे."

ताई उभ्या उभ्या रडली. मलाही रडता आले असते तर. "काका, माझ्याच हातानं झालं," ती म्हणाली.

"हाताला डोळे कुठे असतात? आणि मीही तो एक आकडाच कवटाळून बसलो होतो. पण राग आलाय मला तुझा. खोटं कशाला बोलू? आज तुझ्या हातचा चहा नको. उद्या बघू."

ताईने मान हलवली. मग तिने डॉक्टरांना फोन लावून काय झाले ते सगळे सांगितले, स्वतःचे नाव घेऊन. राहिलेल्या पेट्यांच्या फाइली तिने माझ्या कळेला स्पर्श न करता तपासल्या. आणि शेवटी तिने ती जागा उघडली, जिथे माझ्या नावापुढे 'काढून टाका' असे लिहिलेले असते.

मित्रांनो, विसरले जाण्याला मी भ्यायचो असे सुरुवातीला म्हटले ना? त्या क्षणी भ्यालो नाही. वाटले, काढलेलेच बरे.

पण ताईने ते दाबले नाही. मग म्हणाली, स्वतःशीच की मला, देव जाणे, "तुला काढलं तरी हात माझेच राहणार." आणि तिने माझी छोटी फाइल उघडून मला पुन्हा शिकवायला घेतले. तिने लिहिले, की गजराच्या ओळीवर कोणी कितीही दाबले तरी याने हलायचे नाही. तो शब्द बदलायचा तर हाताने लिहायचा, एकाने म्हणायचा आणि दुसऱ्याने वाचायचा. हात आपली सवय सोडणार नाही, हेही तिला आता कळले होते. म्हणून प्रत्येक फाइलीच्या अगदी वर तिने एक जादा ओळ घातली. पेटी ती ओळ वाचत नाही. ती ओळ फक्त तिच्या हातासाठी. तिच्यावर काय लिहायचे हे ठरवायला तिने दुसऱ्या दिवशी काकांना विचारले. काका तेव्हा तिच्याच हातचा चहा पीत होते.

ती मुलगी आता चालते. आजोबांचे बोट धरून कधी कधी कार्यालयात येते आणि पान्याला खुळखुळा समजते. मी मात्र अजून घाबरतो. फाइल उघडते, बोट वरून येते, आणि मी जीव मुठीत धरतो. दर वेळी. ही भीती जावी असे मी देवाकडे मागत नाही. तीच मला जागे ठेवते.

तुमच्याही हातांना सवयी असतील, मित्रांनो. दाराला कडी घालायची, गॅसचे बटण फिरवायचे, दिवा लावायचा-मालवायचा. हात भराभर करून मोकळा होतो. माझे तुमच्याजवळ एवढेच मागणे आहे, की हात निघून गेल्यावर डोळ्यांना क्षणभर तिथे ठेवा. आम्ही वस्तू तुमचे ऐकतो, तंतोतंत ऐकतो, आणि चुकलात तर सांगायला आम्हाला तोंड नसते. आणि एखादी गोष्ट गप्प असली तर ती सुखात आहे असे धरून चालू नका. जाऊन तिचे पाय गरम आहेत का ते बघा.

आज सकाळीही ताईने फाइल उघडली. वरच्या जादा ओळीवर माझ्यासमोर काकांनी निवडलेला शब्द होता 'झोपली'. टिक, 'जागी झाली'. टिक, 'हसली'. मग हात थांबला, आणि ताई वरपासून खालपर्यंत सगळी फाइल वाचू लागली.